वराकडची मंडळी

हल्ली माझ्याकडे कॉलेजांचे तरुण चिटणीस येतात. हातात कातडी पिशवी, पिशवीत गुळगुळीत कागदावर छापलेलं माहितीपत्रक आणि तोंडात ठरलेला प्रश्न, ‘सर, तुम्ही तीन तीन इमारती उभ्या केल्यात, देणगी मागायची तरी कशी?’ मी म्हणतो, बाबांनो, पहिली गोष्ट म्हणजे देणगी मागायची नाही. मग ते एकमेकांकडे बघतात. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसतं. दिसू दे! ज्या माणसानं मला ही विद्या शिकवली, त्याच्याबद्दलही अख्खं कोल्हापूर हेच म्हणत होतं.

आम्ही त्यांना नुसतं मास्तर म्हणायचो. गावानं मात्र आहेरमास्तर असं नाव ठेवलं होतं. का, ते सांगतोच.

महाराजांचं राज्य होतं. जातवार बोर्डिंगं निघत होती. प्रत्येक जातीनं आपल्या पोरांच्या शिक्षणाची सोय बघावी, दरबार पाठीशी राहील, असा महाराजांचा आग्रह होता. पण ज्यांच्या जातीत शिकणारं पोरगं एखाददुसरंच, त्यांनी कुणाच्या दारात जायचं? मी हातकणंगल्याजवळच्या एका खेड्यातल्या पिंजाऱ्याचा पोरगा. आमच्या लोकांच्या बोर्डिंगात जागा उरली नव्हती. माझ्याबरोबर एक शिकलगाराचा होता, एक बुरुडाचा, एक गुरवाचा. अशा आम्हा उरल्यासुरल्यांसाठी मंगळवार पेठेत एका जुन्या तबेल्यात बोर्डिंग चालायचं. मास्तर तिथले सुपरिंटेंडंट. तेच आचारी, तेच पहारेकरी आणि कुणाला ताप आला की रात्रभर डोक्यावर पट्ट्या ठेवणारेही तेच.

मास्तर जातीनं अत्तार. जोतिबाच्या डोंगरावर त्यांच्या वडिलांचं गुलाल-खोबऱ्याचं दुकान होतं, आणि पंचक्रोशीतल्या एकूण एक लग्नाला हळदकुंकू, अत्तर, गुलाबपाणी त्यांच्याच पेटीतून जायचं. कुणाची पोरगी कुठं दिली, कुणाच्या मांडवात भांडण झालं, कुणी कुणाला किती भारी लुगडं नेसवलं, हे मास्तरांना पोरवयापासून तोंडपाठ. अंगानं काटक, उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, डोक्यावर तांबडी तुर्की टोपी आणि कानात अत्तराचा फाया. आवाज असा, की त्यांनी कानात सांगितलेली गोष्ट पलीकडच्या गल्लीत ऐकू जायची. त्यामुळे बोर्डिंगात गुपित असं काही नव्हतंच.

मास्तरांनी तीन शब्दांवर बंदी घातली होती. दान, मदत आणि वर्गणी. बोर्डिंगात कुणी ‘वर्गणी’ म्हटलं की विहिरीवरून दोन घागरी पाणी. ‘मदत’ म्हटलं की चार. ‘दान’ म्हटलं की अख्खा हौद भरायचा. मी पहिल्याच आठवड्यात हौद भरला. खांदे सुजले. चिडून विचारलं, ‘मास्तर, मग लोक देतात त्याला म्हणायचं तरी काय?’

‘आहेर,’ मास्तर म्हणाले. ‘अरं, पोरगं शिकायला लागलं म्हंजे घरात कार्य निघालं. कार्याला मानूस काय करतो? आहेर करतो. दान घ्यायला वाकावं लागतं बाबा. आहेर देनारा बी ताठ आन घेनारा बी ताठ. दोघं एकाच मांडवात असत्यात की!’

आणि जरा थांबून, डोळे बारीक करून म्हणाले, ‘आनि दान दिलेलं मानूस इसरतो. आहेर दिलेला तीन पिढ्या इसरत न्हाय. आमक्याला पातेलं दिलतं, हे मरताना बी आठवतंय त्येला. इसरून चालंल व्हय आपल्याला?’

आता लोक लग्नपत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापतात. मास्तर असते तर छापणाऱ्याला हौद भरायला लावला असता.

दाराशी गेले की मास्तर पहिल्यांदा हात मागं बांधायचे. त्याचंही कारण होतं. आपल्याकडे पाहुण्याच्या हातात विडा ठेवला, की बैठक संपली. मोठ्या घरचे लोक तोंडानं नाही म्हणत नाहीत. गोड हसतात आणि तबक पुढं करतात. विडा घेतला की उठावंच लागतं. मास्तर हातच पुढं करायचे नाहीत. एका सरदारांच्या घरी हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिलाय. नोकर तबक घेऊन पुढं आला, मास्तर भिंतीवरच्या तसबिरी बघायला वळले. नोकर तिकडं गेला, मास्तर खिडकीशी. ‘काय झ्याक बाग हाय सरकार!’ नोकर खिडकीशी पोचला, तोवर मास्तर झुंबराखाली. असे तिघं, म्हणजे मास्तर, नोकर आणि तबक, दिवाणखान्यात गरगर फिरत होते आणि मास्तरांच्या तोंडाचा पट्टा एकसारखा चालू होता. मी कोपऱ्यात उभा राहून हसू दाबत होतो. शेवटी सरदारच खदाखदा हसले. ‘अहो, काय पाहिजे ते सांगा आणि विडा घ्या, तो पोरगा दमला!’ मास्तर म्हणाले, ‘बोर्डिंग गळतंय सरकार. तुमच्या जुन्या पागेवरची कौलं उतरवून ठेवलीयात न्हवं का परसात?’ कौलं मिळाली. मगच मास्तरांनी दोन्ही हात पुढं करून विडा घेतला, डोक्याला लावला आणि बाहेर येऊन माझ्या तोंडात कोंबला.

खोटं बोलायला मास्तर अजिबात कचरायचे नाहीत, हेही सांगून टाकतो. आपल्या माणसाचं कौतुक करताना त्याचे दोष झाकायचे, ही मला न जमणारी गोष्ट आहे. आहेर मागायला जाताना ते एका पोराला बरोबर न्यायचे आणि तिथं गेल्यावर फर्मान सोडायचे, ‘हं, इंग्रजी म्हनून दाखव!’ एकदा मला एका गुळाच्या व्यापाऱ्याकडे नेलं. पेढीवर चांगली दहापंधरा माणसं. मी इंग्रजी तिसरीत. काय म्हणणार कपाळ? घाबरून क्रियापदं सुरू केली. ‘गो, वेण्ट, गॉन! कम, केम, कम! गिव्ह, गेव्ह, गिव्हन!’ मास्तर मागून कुजबुजले, ‘हात हालीव!’ मी हात हलवले. आवाज चढवला. ‘ब्रेक, ब्रोक, ब्रोकन’ला पोचलो तेव्हा माझाच गळा भरून आला होता, भीतीनं. समोर बघतो तर व्यापारी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसतोय!

‘काय म्हणतोय हो पोरगा?’ त्यानं विचारलं.

मास्तरांनी सुस्कारा सोडला. ‘आईबापाचं पांग कसं फेडावं, ते सांगतोय.’

गुळाच्या ढेपा हातगाडीवरून आल्या. वर्षभर आम्ही गूळ खाल्ला. भाकरीबरोबर गूळ, आमटीत गूळ. तिसरीतल्या क्रियापदांची मला आजही गोडी वाटते, त्याचं कारण हे असावं.

अशा माणसाला गाव खुळा म्हणणार नाही तर काय! पण ह्या खुळ्या माणसाच्या बोर्डिंगातून एका उन्हाळ्यात आम्ही चौघं मॅट्रिक पास झालो. मी, शिकलगाराचा, बुरुडाचा आणि गुरवाचा. चौघांच्याही घराण्यात त्याआधी कुणी सही केली नव्हती. निकाल आला त्या दिवशी मास्तर पेठेत दारोदार साखर वाटत फिरले. ‘साखरपुडा झाला पोरांचा!’ म्हणून ओरडत होते. लोक विचारत, कुणाशी? ‘कॉलेजशी!’

आणि तिथंच घोडं अडलं. बोर्डिंग मॅट्रिकपर्यंतचं. पास झालेल्यांनी जागा खाली करायची, नव्या पोरांना द्यायची, असा कमिटीचा नियम. कॉलेजात जाणाऱ्यांना राहायला जागाच नव्हती. मागच्या मोकळ्या जागेत कॉलेजवाल्यांना राहायला ओसरीवजा एक सोपा बांधावा, दरबाराकडे लाकूड मागावं, असं मास्तरांनी अध्यक्षांना सुचवलं. अध्यक्ष एक निवृत्त मामलेदार होते. सोनेरी काडीचा चष्मा, काठी, आणि प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरायची सवय. माणूस वाईट नव्हता. मात्र कायद्याच्या बाहेर त्यांचं पाऊल पडत नसे.

‘मास्तर,’ ते खाकरून म्हणाले, ‘या मुलांनी पुढं शिकावं असं तुम्हाला वाटतं. त्यांच्या लोकांना वाटतं का? दरबारापुढं अर्ज मी नेईन, पण उद्या मला विचारतील, माणसं कुठायत? माणसं दाखवा. पुढच्या शुक्रवारी बैठक आहे. नाही दिसली तर मुलांनी आपापल्या गावी जावं.’

माझ्या बाबतीत गावी जावं म्हणजे काय, ते मला पक्कं ठाऊक होतं. बाप गेल्यापासून त्याचं पिंजण घरात खुंटीला टांगलेलं होतं. अम्मा एकटी गाद्या शिवून घर ओढत होती. ‘मॅट्रिकपत्तूर,’ एवढाच तिचा माझा करार. त्यापुढं पिंजण खुंटीवरून काढायचं, कापूस पिंजायचा आणि गावोगाव हिंडायचं. मला कॉलेजात जायचं होतं. आणि हे अम्माला सांगायची छाती नव्हती.

मास्तरांनी काय करावं? एका ओळखीच्या छापखान्यात जाऊन लग्नपत्रिका छापून आणल्या! प्रत्येक पोराची वेगळी. लाल शाई, कडेला वेलबुट्टी. माझ्या पत्रिकेवर लिहिलं होतं, ‘आमचे बोर्डिंगातील चि. अमुक यांचा संबंध चि. सौ. कां. कालेज, राहणार कोल्हापूर, हिजशी करण्याचे योजिले आहे. तरी आपण सहकुटुंब सहपरिवार येऊन, आहेर करून, कार्य सिद्धीस न्यावे.’ खाली बैठकीच्या शुक्रवारची तिथी आणि बोर्डिंगचा पत्ता. मास्तर स्वतःवर बेहद्द खूश होते. पत्रिका शहरातल्या बड्या लोकांकडे गेल्या, आणि एकेक प्रत पोरांच्या गावच्या पाटलाकडे.

बडे लोक पत्रिका वाचून हसले, एकमेकांना दाखवली आणि घरी बसले. ज्यांना विनोद कळला त्यांच्यातलं एक माणूस आलं नाही.

बाकीच्या तिघांच्या गावी पत्रिका वाचायलाच कुणी नव्हतं. आमच्या गावात काय झालं, ते मला नंतर कळलं. गावात वाचणारा माणूस एकच, कुलकर्णी. त्यांना मोतीबिंदू झालेला, आणि ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द त्यांनी जन्मात उच्चारलेले नव्हते. चावडीवर त्यांनी पत्रिका नाकाला लावून वाचली. ‘पिंजाऱ्याच्या पोराचं लग्न. कोल्हापुरास. नवरी कालेजे घराण्यातली.’

‘कालेजे?’ पाटील म्हणाले. ‘ह्ये कुठलं घरानं?’

‘मिरजेकडचं,’ कुलकर्णी म्हणाले. ‘फार मोठं. त्यांच्यात हिंदूही आहेत, मुसलमानही आहेत.’

झालं! गावचं पोरगं, बापाविना वाढलेलं, एवढ्या बड्या घरात पडतंय, आणि गावानं जायचं नाही? सात गाड्या जुंपल्या.

शुक्रवारी सकाळी मी आंघोळ करून अंगणात आलो, तो बोर्डिंगच्या दारात घुंगरांचा आवाज. आमचं अख्खं गाव गाड्यांतून उतरत होतं. पाटील नव्या फेट्यात. पाटलीणबाई नथ घालून. मागं तांदळाची पोती, गूळ, तांब्याची घागर, दोन परड्या भरून हिरव्या बांगड्या आणि एक लुगडं, लाल, काठापदराचं, नवरीसाठी. हलगीवालासुद्धा आणला होता. शेवटच्या गाडीत अम्मा. ती उतरली नाही. मी धावत गेलो.

घरात आम्ही आमची दखनी बोलायचो. अम्मा फार संतापली की मराठीत बोलायची, म्हणजे गावाला कळावं. ती मराठीत म्हणाली, ‘लगीन ठरीवलंस? मी काय मेलो व्हतो व्हय रं? मी लग्नाला आलो न्हाय. मी तुला घिऊन जायाला आलो.’

तेवढ्यात पाटलांचा आवाज आला. ‘मास्तर! ह्या तीन पोरांनी बी नवी कापडं घातलीयात. ह्येंचं बी लगीन हाय व्हय आज?’

‘हाय की,’ मास्तर म्हणाले. अजून त्यांना कळलंच नव्हतं. एवढी माणसं बघून ते हरखून गेले होते.

‘कुणासंगं?’

‘हिच्यासंगंच!’

पाटलीणबाईंनी पदर तोंडाला लावला. पाटलांचा चेहरा फेट्याच्या रंगाचा झाला. ‘चौघांचं? एकीसंगं? अवं, मास्तर हाय का कोन हाय तुमी!’

मग सगळं बाहेर पडलं. कालेजे घराणं नाही, मिरज नाही, नवरी नाही. कॉलेज म्हणजे एक शाळाच, पण मोठी. पोरं हसली, आणि तिथंच बिघडलं. पाटलांनी हातातली काठी जमिनीवर आपटली. ‘गरिबांची थट्टा करता व्हय? कामंधामं सोडून, उसनी बैलं जुंपून आलोय आमी. शिकलेल्यांचा ख्योळ झाला, आमची अब्रू गेली. चला रं, गाड्या फिरवा!’

मी मास्तरांकडे बघितलं. त्यांनी माणसांशी थट्टा केली नव्हती हो! त्यांच्या लेखी ते खरंच लग्न होतं. पण हे सांगायचं कसं, तेच त्यांना सुचेना. ते पुढं झाले आणि भर अंगणात पाटलांच्या पायांवर वाकले. आहेर घेताना न वाकणारा माणूस! पाटील दचकून मागं सरले.

‘चुकलं माझं,’ मास्तर म्हणाले. ‘शहरातल्या लोकांसाठनं लिव्हलं. तुमचा इचार केला न्हाय. पन पाटील, ह्यातलं खोटं काय बी न्हाय. तुमचं पोरगं आज उजवायचंच हाय. आन त्यासाठी मानसं लागत्यात.’

पाटलीणबाईंनी परडी खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवला. ‘आता एवढं आलोय न्हवं? मग नवरी तरी दाखवा की! बघू तरी कशी हाय ती!’

मास्तरांनी टोपी सारखी केली. ‘चला!’

आणि कोल्हापुरानं जे पाहिलं ते पाहिलं! पुढं हलगी कडाडतेय, मागं पाटील, मग आम्ही चार नवरदेव, बायका, पोरं आणि सात गाड्या. मंगळवार पेठेतून वरात निघाली. दुकानदार फळीवरून उतरून विचारत होते, ‘पावणं, कुनाचं लगीन?’ आणि आमच्या गावचे लोक, जे तासापूर्वी संतापले होते, तेच आता तोऱ्यात सांगत होते, ‘आमच्या पोराचं! कालेजशी!’

कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी होती. दारात एकटा पट्टेवाला. त्यानं आडवा हात केला. ‘कोण तुम्ही? परवानगी हाय का?’

‘परवानगी?’ पाटील कडाडले. ‘आमी वराकडची मानसं हाय! वराकडच्यांना दारात उभं करत्यात व्हय रं तुमच्यात?’

गडी गडबडला. वराकडची म्हटल्यावर करणार काय? बिचाऱ्यानं फाटक उघडलं आणि, मी शपथेवर सांगतो, आत जाऊन पाण्याची कळशी घेऊन आला. सगळ्यांच्या पायांवर पाणी घातलं.

गावानं नवरी बघितली. उंच दगडी जोतं, कमानी, लांबच लांब ओसरी. पाटलांनी खांबाला कवेत घेऊन बघितलं, हात पुरले नाहीत. भिंतीवर चापट मारली. ‘घरानं पक्कं हाय!’ पाटलीणबाई पायरीवर बसल्या. तांदूळ, खण, नारळ, हिरव्या बांगड्या, वर ते लाल लुगडं, अशी त्यांनी कॉलेजच्या पहिल्या पायरीवर रीतसर ओटी भरली. हळद वाहिली. ‘लाजू नगंस गं,’ त्या दगडाला म्हणाल्या. ‘आमची पोरं गरीब हायत, पन गुनाची हायत. नांदीव त्यास्नी.’ मला हुंदका फुटला, शिकलगाराच्या पोरालाही. आजवर कितीतरी कोनशिला बघितल्या, त्यांच्यावर नावं कोरलेली बघितली. त्या पायरीवर पाटलीणबाईंचं नाव कुणी कोरलं नाही. मी कोरलं असतं.

आता ही गोष्ट सांगताना लोक हटकून महाराजांना मध्ये आणतात. घोड्यावरून आले, थांबले, हसले, वगैरे. महाराज आले नव्हते. मी तिथं होतो, मला विचारा. आले ते आमचे अध्यक्ष. बोर्डिंगात बैठकीला गेले तर तिथं चिटपाखरू नाही. हलगीच्या आवाजाच्या मागावर टांग्यातून इथं पोचले. ‘मास्तर, हा काय प्रकार आहे?’

‘साहेब,’ मास्तर म्हणाले, ‘मानसं दाखवा म्हनला होता.’

अध्यक्ष चष्मा सावरून बघतच राहिले. पाटलांनी त्यांचा कोट बघितला, सोन्याची काडी बघितली, आणि त्यांच्या मनाशी काय आलं कुणास ठाऊक, लांब ढांगा टाकत गेले आणि त्यांना कडकडून मिठी मारली. व्याह्यांची गळाभेट! मामलेदारांची काठी पडली.

‘व्याही,’ पाटील म्हणाले, ‘आमची पोरं तुमच्या पदरात घालतोय. चुकली तर कान धरा. पन उपाशी ठेवू नगा, आन घालवून दिऊ नगा.’

पाटील थट्टा करत होते की मनापासून बोलत होते, ते मला आजही सांगता येणार नाही. अध्यक्ष खाकरले. पुन्हा खाकरले. चष्मा वाकडा झाला होता, तो सरळ करायचंही त्यांना भान नव्हतं. ‘घेतो,’ ते म्हणाले. ‘पदरात घेतो.’

त्या एका ‘घेतो’वर पुढं अर्ज गेला, दरबाराचं सागवान आलं आणि सोपा उभा राहिला. भिंती आमच्याच गावच्या लोकांनी येऊन घातल्या. हे सगळं नंतरचं. त्या क्षणी हलगी पुन्हा सुरू झाली, गुरवाच्या पोरानं उड्या मारल्या, सगळे नाचायला लागले. मी नाचलो नाही. शेवटच्या गाडीत अम्मा अजून बसून होती.

मास्तर तिच्याकडे गेले. मी मागोमाग.

‘मास्तर,’ अम्मा म्हणाली, ‘ह्ये सगळं झालं. नारळ झाला, मिठ्या मारून झाल्या. आता मला एक सांगा. माझं पोरगं शिकून परत येनार का न्हाय?’

मी सुटकेचा श्वास सोडला. मास्तरांना मी पुरता ओळखून होतो. आता ते म्हणणार, येणार म्हणजे काय, मामलेदार होऊन घोड्यावरून येणार, तुम्हाला पालखीत बसवणार. गूळवाल्याला रडवणारा माणूस तो! माझ्या आईला पटवणं म्हणजे त्यांच्या हातचा मळ.

मास्तरांनी टोपी काढली. टोपीखालचं त्यांचं टक्कल मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

‘न्हाय येनार, बाई,’ ते म्हणाले. आवाज इतका लहान, की मला पुढं वाकावं लागलं. ‘जे चाललंय ते परत येत न्हाय. बोलन्याची तऱ्हा बदलंल. हाताला पिंजन पेलनार न्हाय. तुमच्यासंगं जेवायला बसंल, पन त्याला अवघडल्यागत हुईल. तुमाला बी हुईल. परत येईल त्ये दुसरंच पोरगं असंल. खोटं कशाला सांगू?’

मला त्यांचा असा राग आला! सगळं जिंकून झालं होतं, आणि हा माणूस माझं आयुष्य एका वाक्यात मातीत घालत होता. ‘अम्मा, तसं नाही,’ मी सुरुवात केली. तिनं हात वर करून मला गप्प केलं आणि माझ्याकडे बघत राहिली. हलगी वाजत होती.

मग तिनं शेजारचं गाठोडं सोडलं. आत सेहरा होता, मोगऱ्याचा, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. मला ओढून न्यायला निघाली होती, तरी लग्न खरंच असलं तर पोराचं कपाळ मोकळं राहू नये म्हणून रात्री जागून ओवून आणला होता. गाडीतूनच वाकून तिनं तो माझ्या कपाळाला बांधला. गाठ दोनदा आवळली. माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली.

‘येनार म्हनला असता तर आत्ता न्हेलो असतो ह्याला,’ ती मास्तरांना म्हणाली. ‘ह्ये तर गेलं. मग त्ये दुसरं धाडाल, त्ये तरी चांगलं धाडा.’

मास्तरांनी मान डोलावली.

‘पाटील,’ अम्मानं हाक मारली, ‘गाड्या जुंपा. ऊन झालं.’

गाड्या हातकणंगल्याच्या रस्त्याला लागल्या. अम्माची शेवटची. माझ्या डोळ्यांपुढं मोगऱ्याच्या सरी होत्या, त्यातून मला ती पाठमोरी दिसत होती, ताठ बसलेली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. वळून पाहिलं असतं, तर मी गाडीमागं धावत गेलो असतो, हे तिला माहीत होतं.